विहिरीच्या पाण्यातील ऊब : घर आणि रेशीम कीटक संगोपनगृहासाठी भूजलाधारित हीट पंप

पौषातील पहाटे विहिरीतून उपसलेले पाणी हाताला कोमट लागते आणि वैशाखातील दुपारी तेच पाणी गार लागते, हा ग्रामीण कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान दोन्ही ऋतूंत जवळजवळ सारखेच असते. बदलते ती भोवतालची हवा. थंड प्रदेशांत घरे उबदार ठेवण्यासाठी या स्थिर तापमानाचा उपयोग गेली अनेक दशके केला जात आहे. भारतात हा विषय प्रामुख्याने काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या थंड खोऱ्यांशी निगडित आहे. काश्मीर खोऱ्यात त्याला शेतीची एक वेगळी बाजूही आहे. तेथे अनेक शेतकरी रेशीम कीटकांचे संगोपन राहत्या घराच्याच एखाद्या खोलीत किंवा माळ्यावर करतात. त्यामुळे घर तापविण्याचा प्रश्न आणि कोषांचे पीक वाचविण्याचा प्रश्न तेथे एकाच छताखाली येतो.

भूजलाधारित हीट पंप म्हणजे काय, त्यासाठी किती पाणी व वीज लागते, संगोपनगृहात तो वापरताना कोणती दक्षता घ्यावी आणि कोणत्या परिस्थितीत त्याच्या वाटेला जाऊ नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जमिनीखालील स्थिर तापमान

सूर्याची उष्णता आणि हिवाळ्यातील थंडी या दोन्हींचा परिणाम जमिनीत जसजसे खोल जावे तसतसा मंदावत जातो. साधारणपणे १० मीटर खोलीच्या खाली ऋतुबदलाचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो आणि तेथील तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर राहते. त्याहून खोल गेल्यास दर १०० मीटरला साधारण २.५ ते ३ अंश सेल्सिअस वाढ होते.

श्रीनगर परिसरात वार्षिक सरासरी तापमान १३ ते १४ अंशांच्या घरात असल्याने तेथील उथळ भूजल १३ ते १५ अंशांचे असणे अपेक्षित आहे. 'चिल्लई कलान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत तेथील रात्रीची हवा शून्याखाली उतरते, तेव्हाही हे पाणी आपले तापमान टिकवून असते. खोऱ्यातील 'नाग' म्हणजे झरे याच कारणाने बारमाही एकसारख्या तापमानाचे असतात. कोकरनाग येथील ट्राउट मत्स्यपालन अशाच झऱ्याच्या पाण्यावर उभे आहे. लेहमध्ये मात्र वार्षिक सरासरी तापमानच एक अंकी असल्याने भूजलही बरेच थंड असते. मराठवाडा व विदर्भात हेच पाणी साधारण २५ ते २८ अंशांचे मिळते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हिमाचलातील मणिकरण, लडाखमधील पुगा खोरे किंवा कोकणातील वज्रेश्वरी व उन्हवरे येथील गरम पाण्याचे झरे ही खोल भूगर्भातील उष्णतेची उदाहरणे आहेत. ती मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असते. हीट पंपाला गरम झऱ्याची आवश्यकता नसते. साध्या विहिरीच्या १४ अंशांच्या पाण्यातूनही तो उष्णता मिळवितो.

हीट पंपाचे कार्य

१४ अंशांच्या पाण्याने २२ अंशांची खोली तापणार नाही, हे उघड आहे. कारण उष्णता स्वतःहून उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडेच जाते. तिला उलट दिशेने न्यायचे असेल तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. घरातील फ्रिज हेच करतो. तो आतील अन्नातून उष्णता काढून घेतो व मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंपात फ्रिजच्या आतल्या कप्प्याची जागा विहिरीचे पाणी घेते आणि मागच्या जाळीची जागा घराची जमीन किंवा खोलीतील हवा घेते.

यंत्रातील शीतक द्रव्य कमी दाबाखाली विहिरीच्या पाण्यातील उष्णता शोषून वायुरूप होते. कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो आणि त्यामुळे त्याचे तापमान वाढते. हा तप्त वायू घरातील नळ्यांत फिरणाऱ्या पाण्याला किंवा हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होतो. झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो व चक्र पुन्हा सुरू होते. विहिरीचे पाणी या सर्व प्रक्रियेत खर्च होत नाही. ते काही अंश थंड होऊन बाहेर पडते.

यंत्राची कार्यक्षमता 'कार्यगुणांक' अर्थात सीओपी या संख्येने सांगितली जाते. सीओपी ४ याचा अर्थ १ युनिट वीज खर्चून ४ युनिट उष्णता मिळते. त्यातील ३ युनिट पाण्यातून आलेली असतात. साध्या विद्युत हीटरमध्ये १ युनिट विजेची १ युनिटच उष्णता होते. पाणी आणि घरात सोडायची उष्णता यांच्या तापमानातील अंतर जितके कमी, तितका सीओपी अधिक. म्हणून जमिनीखाली नळ्या बसवून त्यांत ३५ ते ४० अंशांचे पाणी फिरविणे लाभदायक ठरते, तर ५५ ते ६० अंशांचे पाणी मागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रेडिएटरवर हेच यंत्र अधिक वीज खाते. काश्मिरी घरांतील 'हमाम' म्हणजे खालून तापविलेली दगडी फरशी. तिच्यामागचा मोठ्या पृष्ठभागातून सौम्य उष्णता देण्याचा विचार हीट पंपाला मानवणारा आहे.

संकल्पनेचा इतिहास

हीट पंपाची तात्त्विक मांडणी विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन या नावाने विख्यात झालेल्या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये केली. त्यानंतर काही वर्षांतच ऑस्ट्रियातील पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्झे येथील मिठागरात या तत्त्वावरील यंत्र उभारले. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसविण्यात आला. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९४८ मध्ये पूर्ण झालेल्या इक्विटेबल इमारतीत विहिरींच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा बसविली गेली. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर स्वीडन व स्वित्झर्लंडमध्ये घरगुती पातळीवर या तंत्राचा मोठा प्रसार झाला. तंत्र जुने व सिद्ध आहे. आपल्याकडे प्रश्न आहे तो स्थानिक पाणी, वीज आणि खर्च यांच्याशी त्याचा मेळ घालण्याचा.

रेशीम कीटकाला नेमकी किती ऊब हवी

रेशीम कीटक शीतरक्ताचा आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. तापमान २० अंशांखाली गेले की अळीच्या शरीरक्रिया मंदावतात. ती कमी पाला खाते, कात टाकण्याचा काळ लांबतो आणि एकाच तुकडीतील अळ्या लहानमोठ्या राहतात. लांबलेल्या पिकात रोगांना अधिक काळ मिळतो. थंडीबरोबर दमटपणा वाढल्यास पांढऱ्या मस्कर्डिन या बुरशीजन्य रोगाची भीती असते. दुसऱ्या टोकाला ३० अंशांवरील तापमानही अळीच्या आरोग्याला बाधक ठरते. दुबार संकरित जातींसाठी शिफारस केलेली मर्यादा पुढीलप्रमाणे आहे.

- पहिली अवस्था : तापमान २७ ते २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्के
- दुसरी अवस्था : २६ ते २७ अंश, ८० ते ८५ टक्के
- तिसरी अवस्था : २५ ते २६ अंश, ७५ ते ८० टक्के
- चौथी अवस्था : २४ ते २५ अंश, ७० ते ७५ टक्के
- पाचवी अवस्था : २३ ते २४ अंश, ६५ ते ७० टक्के

काश्मीर खोऱ्यातील मुख्य पीक वसंतात, मे महिन्याच्या सुमारास घेतले जाते. या काळात श्रीनगरमध्ये रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते आणि पाऊस झाल्यास दिवसाही गारवा राहतो. म्हणजे ज्या आठवड्यात नाजूक बाल कीटकांना २७ अंश हवे असतात, त्याच आठवड्यात रात्री बाहेर त्याच्या निम्म्याहूनही कमी तापमान असते. ही तूट भरून काढण्यासाठी लाकडाची बुखारी, कोळशाची शेगडी किंवा विद्युत हीटर वापरला जातो. शेगडीचा धूर व वायू अळ्यांना अपायकारक असतात. बंद खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड तर रात्री पाला घालण्यासाठी उठणाऱ्या माणसाच्याही जिवावर बेतू शकतो. शिवाय शेगडीजवळचे तबक तापते व कोपऱ्यातील तबक गारठते. पहाटे विस्तव विझला की तापमान एकदम खाली येते. हा चढउतार पिकाला सर्वांत घातक असतो. हीट पंपाचे खरे मोल येथे आहे. त्याची उष्णता धूरविरहित असते आणि थर्मोस्टॅटमुळे तापमान ठरावीक पातळीवर राहते.

एका खोलीचा हिशेब

६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी खोली उदाहरणादाखल घेऊ. भिंती, छत व खिडक्यांतून आतील व बाहेरील तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे १२० वॅट उष्णता बाहेर जाते, असे मानू. खोलीची हवा तासातून एकदा बदलली जाते असे धरल्यास वायुवीजनामुळे आणखी ३० वॅट जातात. एकूण १५० वॅट. बाहेर ११ अंश व आत २६ अंश, म्हणजे १५ अंशांचा फरक. तेव्हा उष्णतेची गरज २,२५० वॅट, अर्थात सव्वादोन किलोवॅट होते.

विद्युत हीटरने ही गरज भागविल्यास १२ तासांच्या रात्रीला २७ युनिट वीज लागते. सीओपी ४ असलेल्या हीट पंपाला त्याच रात्रीसाठी पावणेसात युनिट आणि विहिरीवरील छोट्या पंपासाठी साधारण एक युनिट, म्हणजे जेमतेम ८ युनिट पुरतात.

या हिशेबातील १२० वॅट हा आकडा शेतकऱ्याच्या हातात आहे. छताखाली आच्छादन, खिडक्यांना दुहेरी प्लॅस्टिक, फटी बुजविणे आणि दारावर जाड पडदा यांनी तो बराच खाली आणता येतो. जे घर उष्णता धरून ठेवत नाही, तेथे कोणतेही यंत्र बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. म्हणून पहिला खर्च भिंती व छतावर करावा, यंत्राचा विचार नंतर. मात्र वायुवीजनाचे ३० वॅट वाचविण्याच्या मोहात झरोके बंद करू नयेत. पाल्याचा ओलावा, विष्ठेतील अमोनिया आणि श्वसनातील कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणे आवश्यक असते.

पाणी किती लागते

१ लिटर पाणी १ अंशाने थंड झाल्यास त्यातून ४.१८६ किलोज्यूल उष्णता मिळते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर १,००० लिटर पाणी ५ अंशांनी थंड केले की सुमारे ५.८ युनिट उष्णता हाती येते. त्यावरून गरज पुढीलप्रमाणे निघते.

वरील संगोपन खोलीसाठी पाण्यातून सुमारे १.७ किलोवॅट उष्णता काढावी लागेल. पाणी ५ अंशांनी थंड करायचे ठरविल्यास मिनिटाला साधारण ५ लिटर, म्हणजे तासाला ३०० लिटरपेक्षा किंचित कमी पाणी पुरते.

हिवाळ्यात संपूर्ण घरासाठी ६ किलोवॅट उष्णता लागत असेल, तर पाण्यातून साडेचार किलोवॅट घ्यावे लागतील. त्यासाठी मिनिटाला १३ लिटर, तासाला सुमारे ७७५ लिटर पाणी लागते. १२ तासांत हा आकडा ९,३०० लिटरवर जातो. एवढे पाणी रोज उपसून नाल्यात सोडणे कोणत्याही गावाला परवडणारे नाही. म्हणूनच वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडणे हा या तंत्राचा अविभाज्य भाग समजावा.

शेतीचा पंप येथे का चालत नाही

या ठिकाणी एक मोठी चूक होण्याचा संभव आहे. शेतकऱ्याच्या विहिरीवर ओलितासाठी ३ अश्वशक्तीची मोटर बसविलेली असते, तेव्हा तीच वापरावी असे कोणालाही वाटेल. पण ती मोटर सुमारे २.२ किलोवॅट वीज घेते. ६ किलोवॅट उष्णता देणारा हीट पंप स्वतः दीड किलोवॅट वीज घेतो. दोन्हींची बेरीज ३.७ किलोवॅट झाली की एकंदर सीओपी ४ वरून १.६ वर येतो आणि बहुतेक लाभ संपतो.

मिनिटाला १३ लिटर पाणी १० मीटर खोलीवरून उचलण्यास योग्य आकाराचा छोटा पंप ५० ते ६० वॅटमध्ये काम भागवितो. ६० मीटरवरून उचलण्यास सुमारे ३०० वॅट लागतात. पहिल्या परिस्थितीत एकंदर सीओपी ३.९ च्या जवळ राहतो, तर दुसऱ्या परिस्थितीत तो ३.३ पर्यंत उतरतो. पाण्याची पातळी जितकी खोल, तितका फायदा कमी, हे सूत्र लक्षात ठेवावे. पाणी परत सोडणारी नळी विहिरीतील पाण्याच्या पातळीखाली बुडविलेली असल्यास उचलण्याचे श्रम आणखी वाचतात.

पाणी परत कोठे सोडावे

उत्तम व्यवस्था दोन विहिरींची असते. एका विहिरीतून पाणी घ्यावे व भूजलाच्या प्रवाहाच्या दिशेने पुरेशा अंतरावर असलेल्या दुसऱ्या विहिरीत सोडावे. दोन्ही फार जवळ असल्यास थंड झालेले पाणी पुन्हा पहिल्या विहिरीत येते, तिचे तापमान दिवसेंदिवस घसरते आणि यंत्राची कार्यक्षमताही त्याबरोबर घसरते.

मोठ्या व्यासाच्या विहिरीत पाणी त्याच विहिरीत परत सोडता येईल का, असा प्रश्न महाराष्ट्रातील शेतकरी निश्चित विचारतील. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असल्यास तो साठा सुमारे ८५,००० लिटर होतो. हा साठा ५ अंशांनी थंड होईपर्यंत त्यातून सुमारे ४९० युनिट उष्णता मिळते. घर तापविण्यासाठी रोज ५४ युनिट काढल्यास हा साठा नऊ दिवसांत संपेल. तेव्हा पूर्ण हिवाळ्यासाठी अशी एकच विहीर अपुरी आहे. संगोपन खोलीसाठी मात्र रोज २० युनिटच लागतात. त्या हिशेबाने साठा चोवीस दिवस टिकतो आणि रेशीम कीटकाचे एक पीकही साधारण तेवढ्याच दिवसांचे असते. भोवतालच्या जमिनीतून व नव्या पाझरातून येणारी उष्णता यात धरलेली नाही. त्यामुळे पुरेशा पाण्याच्या मोठ्या विहिरीवर एका पिकापुरती ही सोय होऊ शकते. अरुंद कूपनलिकेत असा साठा नसल्याने तेथे हा मार्ग खुला नाही.

परतीचा खड्डा किंवा विहीर उघडी ठेवू नये. उथळ, संथ पाण्यात डासांची पैदास होते. हिवताप पसरविणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास विहिरी व टाक्यांतच अंडी घालतो. घट्ट बसणारे झाकण किंवा बारीक जाळी आवश्यक समजावी.

भूजलासंबंधी महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आणि जम्मू-काश्मीरमध्ये २०१० चा जलसंपदा अधिनियम अस्तित्वात आहे. नवीन विंधन विहीर घेण्यापूर्वी अथवा वापरलेले पाणी जमिनीत सोडण्यापूर्वी स्थानिक भूजल कार्यालयाकडून नियमांची खातरजमा करून घ्यावी.

पाण्याची परीक्षा

विहिरीचे पाणी थेट यंत्रात सोडल्यास क्षार, लोह व वाळू या तीन गोष्टी त्रास देतात. जड पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांत बसतो व उष्णता वहन कमी होते. काश्मीर खोऱ्यातील काही भागांच्या भूजलात लोहाचे प्रमाण अधिक आढळते. असे पाणी हवेच्या संपर्कात आले की तांबूस गाळ तयार होतो व परतीची विहीर बुजत जाते. परतीची नळी पाण्याखाली बुडविल्याने हवा मिसळत नाही व हा त्रास कमी होतो. वाळूसाठी गाळणी बसवावी.

सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे विहिरीचे पाणी आणि यंत्र यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांचा वेगळा उष्णता विनिमयक बसविणे. तो उघडून साफ करता येतो आणि यंत्रात गळती झाली तरी शीतक किंवा वंगण तेल विहिरीत उतरत नाही. विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरले जात असल्यास अशा दुहेरी व्यवस्थेशिवाय काम करू नये. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी ४ अंशांखाली जाऊ देऊ नये. गोठलेल्या पाण्याने विनिमयक फुटतो. प्रवाह थांबल्यास यंत्र आपोआप बंद करणारा स्विच त्यासाठी आवश्यक आहे. लेहसारख्या ठिकाणी भूजलच थंड असल्याने ही मर्यादा लवकर गाठली जाते. तेथे गोठणरोधक द्रावण भरलेल्या बंद नळ्यांची पद्धत अधिक योग्य ठरते.

संगोपनगृहातील विशेष दक्षता

माणसांच्या खोलीसाठी केलेली रचना कीटकांच्या खोलीत जशीच्या तशी चालत नाही. पुढील बाबी विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली बाब आर्द्रतेची. ११ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची बाहेरील हवा २६ अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३५ टक्क्यांवर येते. पाण्याचा अंश तेवढाच असतो, परंतु उष्ण हवेची ओलावा धारण करण्याची क्षमता अधिक असते. अशा कोरड्या हवेत तुतीचा कोवळा पाला तासाभरात सुकतो व बाल कीटक उपाशी राहतात. संपूर्ण खोलीत पाणी फवारण्यापेक्षा चॉकी अवस्थेत तबकाखाली व वर पॅराफिन कागद आणि कडेने ओल्या स्पंजच्या पट्ट्या ठेवाव्यात. कात टाकण्याच्या काळात कागद व पट्ट्या काढून तबक कोरडे राहू द्यावे.

दुसरी बाब हवेच्या झोताची. पंख्याने गरम हवा फेकणारे यंत्र तबकांवर थेट रोखू नये. झोताने पाला सुकतो आणि रोगट अळ्यांची विष्ठा व धूळ खोलीभर पसरते. जमिनीखालील किंवा भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळ्या संगोपनगृहासाठी अधिक योग्य आहेत.

तिसरी बाब निर्जंतुकीकरणाची. प्रत्येक पिकाच्या आधी व नंतर ब्लिचिंग पावडर किंवा क्लोरीन डायऑक्साइडने खोली निर्जंतुक करणे अनिवार्य आहे. ही द्रव्ये तांबे व अ‍ॅल्युमिनियम झिजवितात. धातूची पंखयुक्त जाळी खोलीत असल्यास ती आधी झाकावी. जाळीच्या घड्यांत साचलेली धूळ मात्र स्वतंत्रपणे धुऊन काढावी. अन्यथा ग्रासरीसारख्या रोगाचे विषाणू पुढील पिकापर्यंत तेथे टिकून राहू शकतात.

चौथी बाब विजेची. वीज वारंवार जाणाऱ्या भागात केवळ हीट पंपावर विसंबणे धोक्याचे आहे. ५०० लिटरची आच्छादित टाकी ४५ अंशांपर्यंत तापवून ठेवल्यास ती ३५ अंशांवर येईपर्यंत सुमारे ५.८ युनिट उष्णता देते. वरील संगोपन खोलीला ती अडीच तास पुरते. त्यापलीकडच्या खंडासाठी धूर बाहेर नेणारी नळी असलेली बुखारी सज्ज ठेवावी.

महाराष्ट्रात उपयोग कितपत

मराठवाडा आणि विदर्भातील तुती उत्पादकांचा मुख्य शत्रू उन्हाळा आहे. २६ अंशांचे विहिरीचे पाणी जाळीतून फिरवून ४० अंशांची हवा थंड केली तरी शेडमधील तापमान ३० अंशांखाली आणणे कठीण असते. त्याउलट कोरड्या एप्रिलमध्ये साधा कूलर किंवा ओली पोती २५ ते २६ अंशांपर्यंत गारवा देऊ शकतात, कारण तेथे पाण्याच्या बाष्पीभवनाचा लाभ मिळतो. शिवाय उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठलेला असतो. तेव्हा उन्हाळ्यासाठी हीट पंपाची शिफारस करता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीतील चित्र वेगळे आहे. रात्री १० ते १२ अंशांपर्यंत उतरणाऱ्या तापमानात विहिरीचे पाणी मात्र २५ अंशांचे असते. एवढ्या उबदार स्रोतावर हीट पंप काश्मीरपेक्षाही अधिक कार्यक्षमतेने चालतो. तरीही शेडनेटच्या उघड्या भिंतींच्या शेडमध्ये तो बसविणे व्यर्थ आहे; तेथे आधी पडदे व छताखालील आच्छादन हवे. वर्षातील काही आठवड्यांसाठी एवढी गुंतवणूक एकट्या शेतकऱ्याला परवडणारीही नाही.

याला एक अपवाद संभवतो आणि तो म्हणजे चॉकी संगोपन केंद्रे. ही केंद्रे अंडीपुंज उबवून दुसरी कात टाकलेल्या अळ्या अनेक शेतकऱ्यांना पुरवितात. तेथील खोल्या लहान व बंदिस्त असतात, तापमान काटेकोर लागते आणि काम वर्षातील बहुतेक महिने चालते. एका केंद्रात तापमान बिघडले तर त्याची झळ अनेक शेतकऱ्यांच्या कोषांना बसते. म्हणून या तंत्राची पहिली चाचणी घ्यावयाची झाल्यास ती अशा केंद्रात घेणे युक्त ठरेल.

कोठे परवडेल

यंत्राची किंमत अधिक आणि दररोजचा खर्च कमी, असे या तंत्राचे स्वरूप असल्याने वर्षातून किती तास ते चालणार यावर सर्व गणित अवलंबून असते. केवळ मे महिन्यातील पंचवीस दिवसांसाठी घेतलेले यंत्र आपली किंमत भरून काढणार नाही. तेच यंत्र नोव्हेंबर ते मार्च घर तापवीत असेल, वसंतात संगोपन खोली आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या पिकातही थंड रात्री सांभाळत असेल, तर विचार करण्याजोगे ठरते. काश्मीरमधील घर व संगोपनगृह एकत्र असण्याची प्रथा येथे अनुकूल आहे. हिशेब करताना हीटरशी तुलना करून वाचणारी वीज धरावी आणि लाकूड वापरणाऱ्या कुटुंबात वाचणारे लाकूड व ते आणण्या-फोडण्याचे श्रमही धरावेत. लाकूड गोळा करण्याचे आणि रात्री विस्तव राखण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला येते. त्या श्रमांची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी तपासणी सूची

शेतकऱ्याला सल्ला देण्यापूर्वी पुढील माहिती जागेवर जाऊन घ्यावी.

१. विहिरीच्या पाण्याचे तापमान किमान अर्धा तास उपसा केल्यानंतर, हिवाळ्यात व उन्हाळ्यात स्वतंत्रपणे मोजावे.
२. सर्वांत कोरड्या महिन्यातील पाण्याची पातळी आणि तासाला मिळणारे पाणी नोंदवावे.
३. पाण्याची जडता, लोह, क्लोराइड, सामू व वाळू यांची तपासणी करून घ्यावी.
४. पाणी परत सोडण्याची जागा, तिचे अंतर आणि शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांचा नकाशा काढावा.
५. खोलीचे छत, खिडक्या व फटी पाहून आधी आच्छादनाचा अंदाज द्यावा.
६. रात्रीचा वीजपुरवठा व व्होल्टेज किमान एक आठवडा नोंदवावे.
७. खोलीच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी कमाल-किमान तापमापक आणि आर्द्रतामापक ठेवून एक संपूर्ण पीक निरीक्षण करावे.
८. यंत्राची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ किती अंतरावर आहे, याची चौकशी करावी.

यापैकी सातवी बाब सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त आहे. अनेकदा खोलीच्या सरासरी तापमानापेक्षा पहाटे तीन ते सहा या वेळेतील घसरण हेच पीक बिघडण्याचे कारण असते आणि ते पाच तापमापकांनी उघड होते. अशा ठिकाणी काही वेळा दोन पडदे व छताखालील एक थर पुरेसा ठरतो. ज्या घरांत त्यानेही भागत नाही, विहिरीला पाणी आहे, ते जमिनीत परत सोडण्याची सोय आहे आणि वर्षातील पाच-सहा महिने उष्णतेची गरज आहे, तेथे भूजलाधारित हीट पंपाचा विचार अवश्य करावा.